खिडकी उघडते ती गाडी धरा

मार्च उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत असतात, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणाच्या लेकीने आई-वडिलांसाठी पैसे बाजूला ठेवलेले असतात. प्रश्न एकच असतो : ‘‘तुम्ही स्वित्झर्लंडला दोनदा जाऊन आलात. तिथे काय काय पाहायचं?’’

माझं उत्तर ठरलेलं आहे. काय पाहायचं ते मागाहून ठरवा. कशात बसायचं ते आधी ठरवा. बसायचं ते रेल्वेत. आणि तीही जाहिरातीतली नावाजलेली गाडी नव्हे, तर त्याच रुळांवरून गावकऱ्यांना ने-आण करणारी साधी गाडी. फोनवर हे बरंच सांगून झालं. आता सगळ्यांसाठी लिहून काढते.

पहिल्या खेपेला आम्ही दोघं एका मोठ्या गटाबरोबर बसने गेलो होतो. त्या सहलीला मी नावं ठेवणार नाही. व्हिसा, भाषा, जेवणखाण ही सगळी काळजी दुसऱ्या कुणी वाहिली, म्हणूनच आमच्यासारखी माणसं पहिल्यांदा परदेशी पाऊल टाकू शकली. पण परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘तिथली माणसं कशी असतात गं?’’ आणि मला सांगता येईना. तीन रात्री त्या देशात काढूनही आम्ही तिथल्या एकाही माणसाच्या शेजारी बसलो नव्हतो. दोन शिखरं झाली होती, एक धबधबा झाला होता, आणि मधला सगळा देश बसच्या काचेबाहेरून निघून गेला होता. सात वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो, ते फक्त रेल्वेने फिरायचं ठरवून. तेव्हा आमची साठी उलटलेली होती, यजमानांचे गुडघे कुरकुरत होते आणि जर्मनचा एक शब्द येत नव्हता. तरी जमलं. तुम्हालाही जमेल.

ही रेल्वे गावांसाठी आहे

स्वित्झर्लंड म्हणजे केवढा देश? क्षेत्रफळ 41,285 चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र त्याच्या सातपटींहून मोठा. लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास. बहुतेक भूभाग डोंगराळ. एवढ्याशा डोंगराळ देशात रुळांचं जाळं पाच हजार किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि ते जवळजवळ सगळं विजेवर चालतं. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणाऱ्या कोळशाचा तुटवडा पडला, तेव्हा या देशाने आपल्या डोंगरांतल्या पाण्यापासून वीज काढून तिच्यावर गाड्या चालवायचा निर्धार केला. 1922 पर्यंत गोटहार्डसारखा अवघड घाटमार्गही विजेवर आला होता.

हे सगळं पर्यटकांची सोय म्हणून झालेलं नाही, हे आपण मनात पक्कं धरावं. 1898 साली तिथल्या लोकांनी मतदान करून मोठ्या खासगी रेल्वे कंपन्या देशाच्या मालकीच्या करायचं ठरवलं. 1982 पासून देशभर गाड्या ठरावीक अंतराने, तासाच्या त्याच त्याच मिनिटाला सुटू लागल्या. ही व्यवस्था आणखी वाढवण्याच्या योजनेला 1987 साली पुन्हा लोकांनीच मतदानाने मान्यता दिली. दरीच्या टोकाच्या गावातली मुलगी शाळेला वेळेवर पोचावी आणि संध्याकाळी घरी परतावी, यासाठी त्या लोकांनी वर्षानुवर्षं पैसा दिला आहे. आपण तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसतो. आपण त्या गाडीत पाहुणे आहोत. हे एकदा ध्यानात आलं की कसं फिरायचं आणि कसं वागायचं, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.

त्याच रुळांवरची साधी गाडी

दोन नावं तुमच्या कानावर हमखास आलेली असतील. त्सेरमाट ते सेंट मोरित्झ धावणारी ग्लेशियर एक्स्प्रेस आणि कूरहून आल्प्स ओलांडून इटलीतल्या तिरानो गावी उतरणारी बर्निना एक्स्प्रेस. दोन्ही चांगल्या आहेत. ग्लेशियर एक्स्प्रेस 1930 पासून धावते आहे. 291 किलोमीटरचं अंतर कापायला तिला सुमारे आठ तास लागतात. छतापर्यंत चढलेल्या काचा, जागेवर जेवण. पण या गाड्यांत तिकिटाशिवाय जागेचं वेगळं आरक्षण लागतं, त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि ठरलेल्या दिवशी ढग उतरले तरी त्याच दिवशी जावं लागतं. शिवाय त्या भव्य काचा उघडत नाहीत. फोटो काढायला गेलं की काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं.

आता जी गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही, ती सांगते. या दोन्ही मार्गांवर दिवसभर साध्या गाड्याही धावतात. तेच रूळ, तेच पूल, तेच बोगदे. आरक्षण लागत नाही. मध्येच उतरा, तासाभराने पुढची गाडी धरा. आणि त्यांतल्या जुन्या डब्यांच्या खिडक्या खाली ओढता येतात. सगळ्या डब्यांच्या नाही. म्हणून गाडी फलाटाला लागली की आधी खिडक्यांकडे पाहा आणि उघडणारी खिडकी दिसेल तो डबा धरा.

त्या उघड्या खिडकीतून काय मिळतं, ते बर्निनाच्या मार्गावरून सांगते. कूरहून निघालेली गाडी आधी आल्बुलाच्या घाटाला लागते. हा मार्ग 1904 साली पुरा झाला. फिलिझूर गावाच्या अलीकडे लांडवासरचा पूल येतो. पासष्ट मीटर उंच, सहा कमानींचा, दगडी, आणि वळणावर बांधलेला. त्याचं पलीकडचं टोक थेट कड्याच्या पोटातल्या बोगद्यात शिरतं. पूल वळणावर असल्यामुळे आपल्याच गाडीचे पुढचे डबे डोंगरात गडप होताना दिसतात. कूरहून जाताना उजव्या बाजूला बसा. पुढे बेर्ग्यून ते प्रेडा या दोन गावांत उंचीचा फरक चारशे मीटरहून जास्त आहे. सरळ गेलं तर गाडीला तो चढ झेपणार नाही, म्हणून रूळ डोंगराच्या आत गोल गोल फिरवले आहेत. बोगद्यातून बाहेर आलं की मघाशी डावीकडे असलेलं गाव उजवीकडे, आणि थोडं खाली गेलेलं दिसतं.

सेंट मोरित्झपासून पुढचा बर्निना मार्ग 1910 साली पुरा झाला. तो 2,253 मीटरवर चढतो आणि तिथून इटलीतल्या तिरानोला, 429 मीटरवर उतरतो. आणि हे सगळं दातेरी रुळांशिवाय. साधी चाकं, साधे रूळ, आणि चौदा मीटरला एक मीटर असा चढ. माथ्यावर दोन तळी जवळजवळ आहेत. एकातलं पाणी इन आणि डॅन्यूब नद्यांतून काळ्या समुद्राला जातं, दुसऱ्यातलं पो नदीतून एड्रियाटिकला. मे अखेरीपर्यंत तिथे बर्फ असतं. खिडकी उघडली की थंडी सुईसारखी टोचते. दीड तासाने तीच खिडकी उघडावी तर गवताचा, मग चेस्टनटच्या झाडांचा वास येतो आणि अंगातला स्वेटर काढावा लागतो. ब्रुझिओला गाडी उघड्या मैदानावरच्या गोल पुलावरून स्वतःभोवती एक फेरी घेऊन खाली उतरते. शेवटी ती तिरानोच्या रस्त्यावरून, मोटारींच्या शेजारून, चर्चच्या समोरून स्टेशनात जाते. बंद काचेआडून हे सगळं दिसलं असतं, पण हवा बदलताना कळली नसती. आल्बुला आणि बर्निना हे दोन्ही मार्ग 2008 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि त्यांवरून जायला साधं तिकीट पुरतं.

तिरानो इटलीत आहे, पण दोन्ही देश शेंगेन व्यवस्थेतले असल्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा.

जुना घाट चुकवू नका

दुसरी शिफारस गोटहार्डची. ल्युसर्न किंवा झुरिकहून दक्षिणेकडे, इटालियन बोलणाऱ्या तिचिनो भागात जायला आता नवा पायथ्याचा बोगदा आहे. 57 किलोमीटर, 2016 साली खुला झालेला, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. गाडी वीस मिनिटांत पलीकडे निघते. तिथल्या लोकांना कामावर जायचं असतं, त्यांच्यासाठी तो वरदानच आहे. पण आपण वीस मिनिटं अंधार पाहायला गेलेलो नाही. जाताना किंवा येताना एकदा तरी जुन्या घाटाची गाडी धरा. तिला थोडा वेळ जास्त लागतो. तिकीट काढताना आणि ॲपवर गाडी शोधताना ‘मार्गे ग्योशेनेन’ असा मार्ग निवडा, म्हणजे चूक होणार नाही.

या घाटात वासेन नावाचं गाव आहे आणि टेकाडावर त्याचं पांढरं चर्च. गाडी चढताना ते चर्च तीनदा दिसतं. पहिल्यांदा मान वर करून पाहावं लागतं, दुसऱ्यांदा ते समोरासमोर येतं, तिसऱ्यांदा खाली राहिलेलं असतं. रूळ किती वळसे घेऊन चढले, ते त्या चर्चवरून कळतं. आमच्या समोर बसलेले एक आजोबा नातवाला बोटाने ते तिन्ही वेळा दाखवत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी आम्हालाही खूण केली. एकमेकांची भाषा न कळता आम्ही चौघं एकाच खिडकीला नाक लावून बसलो होतो.

मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांना इथे आणखी एक गोष्ट जाणवेल. आपल्या बोरघाटाचा चढ सदतिसास एक. कर्जतला मागून बँकर इंजिन लागतं ते त्यासाठीच. जुन्या गोटहार्डचा सर्वांत कठीण चढही जवळपास तेवढाच आहे. बोरघाट 1863 साली सुरू झाला, गोटहार्ड 1882 साली. डोंगर निराळे, पण वाफेच्या इंजिनाची ताकद आणि तिची मर्यादा दोन्हीकडे एकच होती. आणि दोन्हीकडे किंमत मजुरांनी मोजली. बोरघाटात हजारो माणसं गेली. गोटहार्डचा पंधरा किलोमीटरचा जुना बोगदा खणताना 199 मजुरांचा जीव गेला, आणि त्याचं काम घेणारे लुई फाव्र 1879 साली बोगद्यातच कोसळून मरण पावले. त्या अंधारातून गाडी जाते तेव्हा क्षणभर बोलणं थांबवावं, एवढं मला वाटतं.

आधी मुक्काम, मग तिकीट

आता व्यवहाराचं बोलू.

रोज हॉटेल बदलू नका. आठ दिवस असतील तर दोन, फार तर तीन ठिकाणी राहा. एक मुक्काम इंटरलाकेनच्या परिसरात. तिथे महाग वाटलं तर तळ्याकाठच्या श्पीट्स गावाचा विचार करा, तिथून सगळीकडे गाड्या जातात. दुसरा मुक्काम कूरला किंवा बर्निनाच्या मार्गावरच्या पोस्कियावोला. बॅग खोलीत, आपण मोकळे. पुष्कळ गावांत मुक्कामाला असणाऱ्यांना पाहुण्यांचं कार्ड मिळतं आणि त्यावर गावातली बस फुकट असते. हॉटेलात पोचल्याबरोबर ते मागून घ्या.

स्विस ट्रॅव्हल पास तीन, चार, सहा, आठ आणि पंधरा दिवसांचा मिळतो. त्यात गाड्या, पिवळ्या पोस्टबस, तळ्यांतल्या बोटी आणि शहरांतल्या ट्रामही येतात. रोज लांबचा प्रवास असेल तर तो परवडतो. एका जागी राहून जवळपास फिरायचं असेल तर निम्म्या दरात तिकीट देणारं हाफ फेअर कार्ड स्वस्त पडू शकतं. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. कागदावर रोजचे प्रवास लिहा, रेल्वेच्या ॲपवर प्रत्येकाचं भाडं पाहा, बेरीज करा आणि मग ठरवा. हा हिशेब तासाभराचा आहे आणि त्यात बरेच पैसे वाचतात. फार स्वस्त तिकीट दिसलं तर ते एका ठरावीक गाडीपुरतं आहे का ते बघा. ती गाडी चुकली तर ते तिकीट गेलं.

मुलं बरोबर असतील तर आनंद आहे. सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. सहा ते सोळाच्या आतल्या मुलांसाठी पासबरोबर कौटुंबिक कार्ड मोफत मिळतं, फक्त ते मागावं लागतं आणि बरोबर आई किंवा वडील असावे लागतात. आजी-आजोबा एकटेच नातवंडांना घेऊन निघणार असतील तर त्यांनी आधी चौकशी करावी. लांब पल्ल्याच्या दुमजली गाड्यांत वरच्या मजल्यावर मुलांच्या खेळाचा डबा असतो, तो शोधा.

पास आहे म्हणून सगळे डोंगर फुकट, असं मात्र धरू नका. रिगीचा डोंगर पासात पूर्ण येतो. पिलाटुस आणि गोर्नरग्राटला निम्मं भाडं पडतं. युंगफ्राउयोखला वरच्या टप्प्यावर फक्त पाव सूट आहे, आणि उन्हाळ्यात इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण भाडं माणशी दोनशे फ्रँकांहून अधिक होतं. म्हणून तिथलं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवू नका. सकाळी उठा, डोंगरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र मोबाइलवर पाहा, आकाश स्वच्छ असेल तरच निघा. नसेल तर त्या दिवशी दरीत उतरा. लाउटरब्रुनेनचा श्टाउबाख धबधबा जवळजवळ तीनशे मीटरवरून कोसळतो, आणि मे-जूनमध्ये वितळत्या बर्फाने तो भरलेला असतो. ढगाळ दिवशीही त्याचं काही बिघडत नाही.

वडीलधाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. युंगफ्राउयोखचं स्टेशन 3,454 मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. सोळा वर्षं आयगर आणि म्योन्श या पर्वतांच्या पोटातून खणत 1912 साली रूळ तिथवर नेले, हे अचाट काम आहे यात शंका नाही. पण सकाळी दरीत असलेलं शरीर दोन-अडीच तासांत तिथे पोचतं. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. वर गेल्यावर सावकाश चाला, पाणी प्या, डोकं दुखू लागलं किंवा गरगरलं तर मोठेपणा न करता खालची गाडी धरा. आणि तिथवर गेलंच पाहिजे असंही नाही. ल्युसर्नहून बोटीने फिट्सनाऊला आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीने रिगीवर जा. युरोपातली ही पहिली डोंगरी दातेरी रेल्वे, 1871 सालची. वरचं स्टेशन 1,752 मीटरवर आहे. श्वासाला फारसा त्रास नाही आणि पायाखाली तळी पसरलेली. आपल्या निलगिरीच्या रेल्वेत बसला असाल तर रुळांच्या मधली दातेरी पट्टी ओळखीची वाटेल. निलगिरीची पद्धत रोमान आब्ट या स्विस अभियंत्याची, आणि तिथली जुनी वाफेची इंजिनंही स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरच्या कारखान्यातून आलेली.

सुट्टीचं गणितही सांभाळा. आपली शाळेची सुट्टी एप्रिल-मेमध्ये, आणि नेमक्या त्याच दिवसांत काही डोंगरी गाड्या आणि रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतात. शिनिगे प्लाटे, ब्रिएन्झ रोटहॉर्न यांसारख्या गाड्या तर जूनच्या आसपास सुरू होतात. बर्निनाची गाडी बारा महिने धावते. जाण्याआधी प्रत्येक डोंगराची तारीख तपासा.

फलाटावर

गाडी बदलायला पाचच मिनिटं आहेत हे पाहून घाबरू नका. तिथली सगळी रचनाच तशी आहे. मोठ्या जंक्शनात चारही बाजूंच्या गाड्या तास भरायच्या जरा आधी येतात आणि तास भरल्यावर जरा वेळाने सुटतात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक गाडी मिळते. झुरिक-बर्न प्रवास एका तासाच्या आत बसवला तो यासाठीच. स्टेशनाबाहेर पिवळी पोस्टबस आपल्या गाडीचीच वाट पाहत उभी असते. फक्त झुरिकच्या मुख्य स्टेशनावर काही फलाट जमिनीखाली खोल आहेत. तिथे दहा मिनिटं हाताशी ठेवा. आणि गाडी चुकलीच तर चुकू द्या. अर्ध्या तासाने, फार तर तासाने दुसरी आहे.

फलाटावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं लिहिलेली असतात. कोणता डबा कोणत्या अक्षरापाशी लागेल ते फलकावर दाखवतात. काही गाड्या वाटेत दुभंगतात. इंटरलाकेन ओस्टहून निघालेली गाडी त्स्वायल्युटशिनेनला दोन भागांत वेगळी होते. एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरचं नाव वाचूनच चढा, नाहीतर कुटुंब दोन दऱ्यांत विभागलं जाईल.

दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. लहान मार्गांवर पुष्कळ स्टेशनांत मागितल्याशिवाय गाडी थांबतच नाही. आत असाल तर डब्यातलं बटण दाबा, फलाटावर असाल तर फलाटावरचं. आपल्या एसटीचं ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ आठवा. तसंच आहे हे.

तिकिटासाठी फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही. पण तपासनीस गाडीत येतोच, आणि तिकीट नसेल तर शंभर फ्रँकांच्या आसपास दंड बसतो. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे ऐकून घेतलं जात नाही. तिकीट चढण्यापूर्वीच काढा.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी आणि चौकातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. नसेल तिथे पाटी असते. रविवारी गावातली दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात. ठेपले, चिवडा, मेतकूट खुशाल न्या. पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ भारतातून तिथे नेता येत नाहीत, ते घरीच ठेवा.

पाहुण्यासारखं वागू या

आता थोडं आपल्या वागण्याबद्दल. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहायला हवं.

आपण गटाने गेलो की आनंदाने बोलतो, हाका मारतो, घरच्यांना व्हिडिओ कॉल लावतो. समोर बसलेली बाई आठ तास काम करून घरी निघालेली असते. तिची ती गाडी रोजची आहे. फोन कानाला लावा, आवाज कमी ठेवा. डबा जरूर उघडा, तिथलेही लोक गाडीत खातात. पण उग्र वासाचं लोणचं बंद डब्यात काढू नका आणि कागद-पिशव्या कचऱ्याच्या पेटीतच टाका. मोठ्या बॅगा वाटेत नकोत, त्यांच्यासाठी वेगळी जागा असते. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. बाकावर बूट ठेवू नका. उघड्या खिडकीतून डोकं आणि हात बाहेर काढू नका. बोगदा सांगून येत नाही.

आणि बसताना शेजाऱ्याला नमस्कार करा. जर्मन भागात ‘ग्रुएत्सी’, फ्रेंच भागात ‘बोंजूर’, इटालियन भागात ‘ब्वॉन जोर्नो’, आणि सेंट मोरित्झच्या खोऱ्यात जिथे रोमान्श बोलतात, तिथे ‘अलेग्रा’. चार शब्द आहेत, विमानात पाठ होतील. यजमानांनी भीत भीत ‘अलेग्रा’ म्हटलं, तेव्हा मांडीवर भाजीची टोपली घेतलेल्या एका आजींनी हसून शेजारची जागा रिकामी करून दिली. पुढची चाळीस मिनिटं त्या बोटाने डोंगर दाखवत नावं सांगत होत्या. काकूंच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला त्या चाळीस मिनिटांत मिळालं.

शेवटी एकच मागणं. तुम्ही गटाने जा, बसने जा, हवं तसं जा. पण त्या सगळ्या दिवसांतला एक दिवस मोकळा मागून घ्या. आरक्षण नाही, यादी नाही. त्या दिवशी साधी गाडी धरा आणि वाटेल त्या स्टेशनात उतरा. आम्ही बर्निनाच्या माथ्यापलीकडे आल्प ग्रूम नावाच्या स्टेशनात असेच उतरलो. तिथे मोटारीचा रस्ता नाही, फक्त रूळ जातात. आमच्या डोळ्यांदेखत गाडी निघून गेली आणि आम्ही फलाटावर दोघंच उरलो. समोर पालू हिमनदी, खाली दरीत गाडीचा आवाज लहान होत गेलेला, मग काहीच नाही. पुढची गाडी एका तासाने होती. आम्ही कॉफी घेतली आणि बाकावर बसून राहिलो. दोन्ही सहलींतला सर्वांत जास्त आठवणारा तास कोणता, असं विचारलंत तर तो हाच, आणि त्यासाठी आम्हाला वेगळं काही मोजावं लागलं नाही.

तुम्हीही असे कुठेतरी उतरा. पुढची गाडी येणार आहे, वेळेवर येणार आहे. तोवर बसून राहा.